वाकवल्यावर लवचिक सुपरकपॅसिटर निम्म्यावर येतो: पॉलिॲनिलिन तडकतंय का?

हिरवापडदा (प्रश्न)

नमस्कार. एमएस्सीच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प आहे. दोन महिने एकाच ठिकाणी अडकलोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

कार्बन क्लॉथवर (कार्बनच्या तंतूंचं कापड) पॉलिॲनिलिन हे वीज वाहून नेणारं पॉलिमर चढवून लवचिक सुपरकपॅसिटर (पटकन चार्ज-डिस्चार्ज होणारं वीज साठवायचं साधन) बनवतोय. कापडाचे २ सेंमी × २ सेंमीचे तुकडे, वर क्लिप लावायला थोडं शेपूट सोडलेलं. १ मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ॲनिलिन, त्यात कापड बुडवून अमोनियम पर्सल्फेट थेंबथेंब, भांडं बर्फात. रात्रभर ठेवलं की कापडावर गर्द हिरवा थर बसतो. वाळवून वजन केलं तर प्रत्येक तुकड्यावर साधारण ४ मिलिग्रॅम पॉलिमर, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १ मिलिग्रॅम.

तीन इलेक्ट्रोडच्या मापनात (एकाच तुकड्याची आम्लात चाचणी), १ अँपिअर प्रति ग्रॅमला, ४८० फॅरड प्रति ग्रॅम मिळाले. फार आनंद झाला होता. मग असे दोन तुकडे घेऊन मध्ये पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) आणि सल्फ्युरिक ॲसिडचं जेल घातलं, शेपटांना सिल्व्हर पेस्टने तारा जोडल्या आणि वर प्लॅस्टिकची फिल्म लावली. एका सेलला ०.८ व्होल्ट. असे तीन सेल एकापुढे एक जोडून २.४ व्होल्ट केले आणि लाल एलईडी लावला, मध्ये वेगळा रेझिस्टर नाही.

माझ्या हिशोबानं एलईडी १० मिलीअँपिअरला १९ सेकंद चालायला हवा होता. प्रत्यक्षात साडेतीन सेकंद छान पेटतो आणि मग मंद होत जातो. सेल ५ मिमी त्रिज्येच्या काचेच्या कांडीभोवती १०० वेळा वाकवल्यावर जेमतेम दोन सेकंद.

एका सेलचं चार्ज-डिस्चार्ज १० मिलीअँपिअरला घेतलंय. वाकवण्याआधी डिस्चार्ज सुरू होताच वक्र ०.८ वरून सरळ ०.५६ वर येतो आणि तिथून ३२ सेकंदांत शून्यावर. वाकवल्यानंतर ०.४८ वर येतो आणि २७ सेकंदांत संपतो. म्हणजे साधारण १६ टक्के कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) गेला. पॉलिमरच्या थराला वाकवताना तडे जात असणार असं माझं मत आहे. आता ग्राफीन ऑक्साइड मिसळून थर चिवट करावा, की पॉलिपायरोलकडे वळावं? मार्गदर्शकांनी एक महिना दिलाय.

रेडॉक्स

पॉलिपायरोलकडे एवढ्यात पळू नका. आधी तुमच्या सेलमध्ये काय चाललंय ते बघू.

पॉलिॲनिलिनच्या तीन अवस्था तुम्ही वाचल्या असतीलच. पूर्ण रिड्यूस झालेलं ल्यूकोएमराल्डिन फिकट पिवळसर, मधलं एमराल्डिन सॉल्ट हिरवं, पूर्ण ऑक्सिडाइझ झालेलं परनिग्रॅनिलिन निळसर-जांभळं. नीट वीज वाहून नेतं ते यांतलं फक्त मधलं, हिरवं. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनला आयोडीन देऊन त्याची वाहकता प्रचंड वाढवली (२००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याच क्षेत्रासाठी मिळालं), तेव्हापासून या सगळ्या पदार्थांचा एक स्वभाव आपल्याला माहीत आहे. वाहकता त्यांना डोपिंगमधून (साखळीवर भार आणि सोबत आयन आणण्यातून) येते आणि डोपिंग निघालं की जाते.

तुमच्या सेलमध्ये दोन्ही बाजूंना तेच पॉलिमर आहे. सेल चार्ज केला की धन बाजू ऑक्सिडाइझ होत वर जाते, ऋण बाजू रिड्यूस होत खाली जाते. म्हणजे सेल पूर्ण भरलेला असतो तेव्हा तुमचा एक इलेक्ट्रोड जवळपास ल्यूकोएमराल्डिनच्या रांगेत असतो आणि त्या पॉलिमरची वाहकता पार घसरलेली असते. नेमकं त्याच क्षणी तुम्ही त्याच्याकडून १० मिलीअँपिअर मागता. कार्बन क्लॉथ मागे आहे म्हणून निभावतं, कारण प्रवाहाला कापडाच्या तंतूवरून जायची वाट मिळते आणि पॉलिमरमधून फक्त थराच्या जाडीएवढंच अंतर कापावं लागतं. नुसत्या पॉलिमरची फिल्म असती तर याहून वाईट अवस्था दिसली असती. कार्बन आणि वाहक पॉलिमर यांची जोडी जमते त्याचं एक मोठं कारण मला हेच वाटतं. नुसत्या कार्बनवर आयन पृष्ठभागाला चिकटून बसतात, आत शिरत नाहीत, म्हणून साठा कमी पण आयुष्य लाखो सायकलचं. पॉलिमरमध्ये ते आतपर्यंत शिरतात, म्हणून साठा मोठा, पण प्रत्येक वेळी पॉलिमर फुगतं आणि आकसतं.

दुसरी काळजी धन बाजूची. सेल ०.८ च्या वर नेऊ नका. कुणीतरी १ व्होल्ट करून बघ असं सांगेल, ऐकू नका. जास्त ऑक्सिडेशन झालं की पाण्याबरोबर साखळी तुटून बेंझोक्विनोन तयार होतं आणि ते परत जुळत नाही. सायक्लिक व्होल्टॅमोग्राममध्ये (व्होल्टेज वर-खाली नेत प्रवाह मोजल्याचा आलेख) दोन मुख्य शिखरांच्या मध्ये, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत ०.५ व्होल्टच्या आसपास नवा उंचवटा दिसू लागला तर समजा की तेच सुरू झालंय. काळ्या कापडावर रंग दिसत नाही, त्यामुळे एफटीओ काचेवर (वीज वाहणारी पारदर्शक काच) पातळ थर चढवून एकदा हे रंग डोळ्यांनी बघून घ्या. आकड्यांपेक्षा लवकर समजतं.

महिनाच हातात असेल तर माझा सल्ला असा: ऋण बाजूला पॉलिॲनिलिनऐवजी ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा. धन बाजूचं पॉलिमर मग त्याच्या वाहक पट्ट्यातच राहील आणि सेलचा व्होल्टेजही थोडा वाढवता येईल. दोन्ही बाजूंचा चार्ज सारखा व्हायला हवा, तेव्हा वजनाचं प्रमाण कपॅसिटन्स आणि त्या त्या इलेक्ट्रोडच्या व्होल्टेज-पट्ट्यावरून काढा. अंदाजे लावू नका.

धागादोरा

रेडॉक्स यांनी लिहिलेलं बरोबर आहे, पण हिरवापडदा, तुझा प्रश्न वाकवण्याचा आहे आणि त्याचं उत्तर तू स्वतःच शेवटच्या परिच्छेदात लिहून ठेवलंयस. मी या कापडांवर सात वर्षं काम केलं आहे, त्यातलं जवळजवळ एक वर्ष तुझ्याच जागी उभी होते, म्हणून जरा लांबण लावते.

तू ३२ आणि २७ सेकंदांची तुलना केलीस आणि १६ टक्के कपॅसिटन्स गेला म्हणालास. पण पहिल्या वेळी ती ३२ सेकंदं ०.५६ व्होल्ट उतरायला लागली, दुसऱ्या वेळी २७ सेकंदं ०.४८ व्होल्ट उतरायला. प्रवाह गुणिले वेळ, भागिले प्रत्यक्ष उतरलेला व्होल्टेज, असं काढ. आधी ०.०१ × ३२ ÷ ०.५६, म्हणजे ०.५७ फॅरड. नंतर ०.०१ × २७ ÷ ०.४८, म्हणजे ०.५६ फॅरड. फरक दोन टक्क्यांचाही नाही. तुझं पॉलिमर जिथल्या तिथे आहे. त्याला तडे गेले असतील तरी त्यानं साठवायचं काम सोडलेलं नाही.

बदललाय तो सुरुवातीचा उभा उतार. आधी ०.२४ व्होल्टचा होता, आता ०.३२ चा. चार्ज करताना १० मिलीअँपिअर एका दिशेनं वाहत होते, डिस्चार्जला तेवढेच उलट दिशेनं, म्हणजे प्रवाहातला बदल २० मिलीअँपिअरचा. ०.२४ ला ०.०२ नं भाग, १२ ओहम. ०.३२ ला भाग, १६ ओहम. तुझ्या सेलचा आतला रोध १२ वरून १६ झाला, बाकी काही झालं नाही.

आता एलईडी बघ. तीन सेल एकापुढे एक, म्हणजे कपॅसिटन्स तिसरा हिस्सा, ०.१९ फॅरड, आणि रोध तिप्पट, ३६ ओहम. लाल एलईडी १.८ व्होल्टच्या आसपास पेटतो. त्यातून १० मिलीअँपिअर जायचे तर १.८ अधिक ०.३६, म्हणजे २.१६ व्होल्ट लागतात. त्याच्या खाली गेलं की तुझ्या डोळ्यांना तो मंद दिसायला लागतो असं धरू. म्हणजे २.४ पासून २.१६ पर्यंतचे ०.२४ व्होल्ट, एवढंच तुझं भांडवल. ०.१९ गुणिले ०.२४ केलं तर ०.०४६ कूलोम. प्रवाह सुरुवातीला सतरा, शेवटी दहा, सरासरी तेरा मिलीअँपिअर धर, साडेतीन सेकंद येतात. तू साडेतीनच लिहिलेस! वाकवल्यावर ४८ ओहम झाले, तेव्हा २.२८ व्होल्टपर्यंतच उतरता येतं, भांडवल ०.१२ व्होल्टवर आलं आणि वेळ दोन सेकंदांवर. रोध फक्त एक तृतीयांशानं वाढला तरी एलईडीचा वेळ निम्मा झाला. एलईडी हे फार फसवं माप आहे. तो कपॅसिटन्सपेक्षा रोधाबद्दल जास्त बोलतो आणि आपण मात्र पॉलिमरला दोष देत बसतो.

तुझ्या १९ सेकंदांच्या हिशोबात रोध नव्हताच. शिवाय ४८० हा आकडा पातळ आम्लात ४ मिलीअँपिअरला मिळालेला आहे आणि सेलकडून तू जेलमध्ये १० मागतोयस. तोच इलेक्ट्रोड सेलमध्ये २८६ फॅरड प्रति ग्रॅम देतोय (०.५७ च्या दुप्पट, भागिले ४ मिलिग्रॅम). हे वाईट नाही. जेलमधून आयन हळू चालतात, त्याची ही किंमत आहे.

मी ज्या वेळी अडकले होते तेव्हा हे गणित कुणी मांडून दाखवलं नाही आणि मलाही सुचलं नाही. वाकवल्यावर डिस्चार्जचा वेळ कमी झाला की पॉलिमर फुटलं, असं मनात पक्कं धरलं होतं. मग कार्बन नॅनोट्यूब घातल्या. ग्राफीन ऑक्साइड घालून रिड्यूस केलं. पर्सल्फेटचं प्रमाण बदललं, तापमान बदललं, डोपंट बदललं. जवळपास चाळीस इलेक्ट्रोड. प्रत्येक वेळी तीन इलेक्ट्रोडचे आकडे थोडे सुधारायचे आणि वाकवल्यावर पुन्हा तीच घसरण. शेवटी एका संध्याकाळी वैतागून वाकवलेला सेल दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवला, कडांना कागदाच्या काळ्या क्लिपा लावल्या आणि सहज पुन्हा मोजला. उभा उतार जवळजवळ पहिल्यासारखा झाला होता! पॉलिमरचे तडे दाबल्यानं असे सांधले गेले नसते. जेल कापडापासून सुटलं होतं, बाकी काही नाही. त्या रात्री मला आनंद झाला की रडू आलं ते आजही सांगता येणार नाही.

म्हणून तू आधी हेच कर. आजच्या आज होण्यासारखं आहे. वाकवलेला सेल काचेत दाबून मोज. उतार परत आला तर जेल आणि कापड यांच्यामध्ये फट आहे. नाही आला, तर तारेचा जोड तपास. सिल्व्हर पेस्टवर माझा अजिबात विश्वास नाही. कार्बन क्लॉथच्या तंतूंमधून आम्ल दिव्याच्या वातीसारखं वर चढतं आणि पेस्टपर्यंत पोचतं. मग चांदी गंजते आणि रोध दिवसागणिक वाढत जातो. इलेक्ट्रोडचा भाग संपतो आणि शेपूट सुरू होतं तिथे कापडावर नेलपॉलिशचा एक पट्टा दोन्ही बाजूंनी मुरवून वाळव, म्हणजे आम्ल वर चढणार नाही. आणखी एक तपासणी: जेल न लावलेला एक कोरडा इलेक्ट्रोड घे, त्याच कांडीवर शंभर वेळा वाकव, दोन टोकांमधला रोध मल्टिमीटरनं आधी आणि नंतर बघ. माझ्या कापडात काही फरक पडला नव्हता, तुझ्यातही बहुधा पडणार नाही.

का पडणार नाही, ते मला फार सुंदर वाटतं. तुझा सेल एकूण किती जाड आहे? कापडाचे दोन थर आणि जेल मिळून ०.९ मिमी धरू. तो ५ मिमी त्रिज्येवर वाकवला की बाहेरचा पृष्ठभाग जाडीच्या निम्मे भागिले त्रिज्या, म्हणजे ८-९ टक्के ताणला जायला हवा. कार्बनचा तंतू दीड-दोन टक्क्यांतच तुटतो. म्हणजे तुझं कापड पहिल्याच वाकवणीत मोडून पडायला हवं होतं. पण ते मोडत नाही, कारण ते कापड आहे, पत्रा नाही. तंतूची जाडी ७ ते १० मायक्रोमीटर. प्रत्येक तंतू आपल्यापुरता वाकतो आणि शेजारच्यावरून सरकतो. त्या एकट्या तंतूसाठी तोच हिशोब केला तर ताण ०.१ टक्क्याच्या आत येतो. त्याच्यावर बसलेलं तुझं पॉलिमर तर मायक्रोमीटरचा काही भाग जाड. त्याला वाकणं जाणवतसुद्धा नाही. पॉलिमर तडकतं ते फुगण्या-आकसण्यानं, हजार-दोन हजार चार्ज-डिस्चार्जनंतर. तुझ्या शंभर वाकवण्यांनी नव्हे.

या सगळ्यात सरकू न शकणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जेल. ते सलग आहे. एका बाजूला सरकणारे तंतू, दुसऱ्या बाजूला सलग रबरासारखी चकती, आणि सगळी ओढाताण त्या दोघांच्या सीमेवर. जेल कापडाच्या वर नुसतं टेकलेलं असेल तर तिथेच सुटणार. ते तंतूंच्या आत शिरून बसलेलं असेल तर सुटायला जागा नाही.

तुझ्या लिहिण्यावरून वाटतं की तू घट्ट जेल एकदाच ओतलंस आणि दुसरा इलेक्ट्रोड वर ठेवलास. मी शेवटी असं करत असे. एक ग्रॅम पीव्हीए, दहा मिलिलीटर पाणी, ८५ ते ९० अंशांवर स्टररवर, द्रावण काचेसारखं स्वच्छ होईपर्यंत. घाई केली तर न विरघळलेल्या गाठी राहतात आणि त्या प्रत्येक गाठीच्या जागी पुढे जेल सुटतं. आच बंद करून द्रावण कोमट होऊ द्यायचं आणि मग एक ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड थेंबाथेंबानं. गरम पीव्हीएत तीव्र आम्ल ओतलं तर ते पाणी ओढून घेतं आणि द्रावण तपकिरी पडतं. तसं झालेलं टाकून दे. आता यातला थोडा भाग वेगळा काढून तेवढ्याच पाण्यानं पातळ कर. इलेक्ट्रोड आधी या पातळ जेलमध्ये बुडव आणि व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेव. कापडातून बुडबुडे निघताना दिसतील. तेवढी हवा आजवर तुझ्या सेलमध्ये कोंडलेली होती! बाहेर काढून बोटाला चिकटेल इतपत सुकू दे, मग घट्ट जेलचा पातळ थर दोन्ही तुकड्यांवर, पुन्हा चिकट होईपर्यंत थांब, मग जोड. काचपट्ट्यांमध्ये हलकं वजन ठेवून रात्रभर.

हातमोजे न घालता ॲनिलिन हाताळत नसशील अशी आशा आहे. ते कातडीतून शरीरात जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतं. फ्यूम हूडबाहेर बाटली उघडू नकोस. आणि बाटलीतलं ॲनिलिन गडद तपकिरी झालेलं असेल तर कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करूनच वापर.

ग्राफीन ऑक्साइडचं नंतर बघू. आधी काचपट्ट्या.

तराजू

धागादोरांच्या हिशोबात भर घालतो, कारण प्रबंध लिहिताना परीक्षक हेच विचारतील.

४ मिलिग्रॅम पॉलिमर ज्या कापडावर आहे त्या कापडाचं वजन किती? बाजारात मिळणारं कार्बन क्लॉथ दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिग्रॅमच्या पुढेच भरतं. १२ धरले तर तुमच्या एका इलेक्ट्रोडमध्ये ४८ मिलिग्रॅम कापड आणि ४ मिलिग्रॅम पॉलिमर. तेच २८६ फॅरड प्रति ग्रॅम, कापड धरून मोजले तर २२. ऊर्जा बघा: ०.५७ फॅरड, ०.८ व्होल्ट, अर्धा सी व्ही वर्ग, म्हणजे ०.१८ ज्यूल. पॉलिमरच्या ८ मिलिग्रॅमवर वाटली तर ६.३ वॅट-तास प्रति किलो. दोन्ही इलेक्ट्रोडच्या १०४ मिलिग्रॅमवर वाटली तर ०.५ च्या आसपास. जेल, फिल्म आणि तारा अजून धरलेल्याच नाहीत.

दोन्ही आकडे लिहा. एकच लिहून दुसरा गाळू नका. २०११ मध्ये युरी गोगोत्सी आणि पॅट्रिस सिमॉन यांनी 'सायन्स'मध्ये हाच मुद्दा मांडला होता. अगदी पातळ थरावरचे प्रति ग्रॅम आकडे प्रत्यक्ष उपकरणाला तसेच लागू होत नाहीत. अंगावर घालायच्या लवचिक सेलसाठी मला तर क्षेत्रफळावरचा आकडा जास्त प्रामाणिक वाटतो. तुमचा दर चौरस सेंटीमीटरला २८६ मिलिफॅरड येतो (तुमचं लोडिंग, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवरचं पॉलिमर, नेमकं १ मिलिग्रॅम आहे म्हणून आकडा तोच दिसतोय, गोंधळू नका).

पॉलिॲनिलिनच्या मर्यादेचाही साधा हिशोब करून ठेवा. साखळीतल्या एका एककाचं वजन मोलला ९१ ग्रॅम. ल्यूकोएमराल्डिनपासून एमराल्डिनपर्यंत दोन एककांमागे एक इलेक्ट्रॉन. म्हणजे ग्रॅमला ५३० कूलोम. हा चार्ज ०.७ व्होल्टवर पसरला तर ग्रॅमला साधारण ७५० फॅरड. यात डोपंट आयनाचं वजन धरलेलं नाही, ते धरलं की आकडा आणखी खाली येतो. त्यामुळे तुमचे ४८० विश्वासार्ह वाटतात. या पट्ट्यात कुणी याच्या दुप्पट-तिप्पट आकडा सांगितला तर आधी त्यांचा तराजू किती अचूक आहे ते विचारा. ४ मिलिग्रॅम मोजताना कापडानं हवेतली ओल धरली असेल तर एक मिलिग्रॅम इकडेतिकडे सहज होतो. वजन करण्याआधी आणि नंतर कापड सारखंच वाळवलेलं आणि सारख्याच वेळात तोललेलं हवं.

वाकवण्याबद्दल लिहिताना नुसतं "१८० अंशांत वाकवला" असं लिहू नका. कोन काहीच सांगत नाही, त्रिज्या आणि जाडी सांगा. तुम्ही त्रिज्या लिहिलीत हे फार चांगलं केलंत.

हिरवापडदा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवसांनी लिहितोय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

धागादोराताई, काचपट्ट्यांत दाबल्यावर उतार ०.३२ वरून ०.२५ वर आला. मी तीनदा मोजलं. कोरडा इलेक्ट्रोड शंभर वेळा वाकवून मल्टिमीटरला काहीच फरक दिसला नाही. एवढे दिवस मी पॉलिमरलाच दोष देत होतो.

मग तुमच्या पद्धतीनं नवा सेल केला. व्हॅक्यूममध्ये कापडातून खरंच खूप बुडबुडे आले, दहा मिनिटं येतच होते. नव्या सेलचा उतार वाकवण्याआधी ०.१६, म्हणजे ८ ओहम. शंभर वेळा वाकवल्यावर ०.१७. एलईडी चार सेकंदांच्या थोडा वर छान पेटतो, आधीपेक्षा उजळ, आणि वाकवण्याआधी-नंतर डोळ्यांना फरक कळत नाही. रेडॉक्स, तुमचा ॲक्टिव्हेटेड कार्बनचा सेल पुढच्या आठवड्यात करतोय, वजनाचं प्रमाण काढून ठेवलंय. तराजू, कापडाचं वजन मोजलं, दर चौरस सेंटीमीटरला १३ मिलिग्रॅम निघालं. दोन्ही आकडे लिहितोय.

एक शंका आहे. पहिल्या पद्धतीचा एक जुना सेल न वाकवता आठवडाभर टेबलावर पडला होता. आज मोजला तर उतार ०.२४ वरून ०.३० झालाय. त्याला कुणी हातही लावलेला नाही. नव्या सेलचंही असंच होईल का?

धागादोरा

०.१६ वाचून फार बरं वाटलं. बुडबुड्यांचं वाचून तर आणखीच.

न वाकवता रोध वाढला तर दोन शक्यता. एक, जेलमधलं पाणी उडालं. जेलमध्ये आयन चालतात ते पाण्यामुळेच. सल्फ्युरिक ॲसिड हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे जेल पूर्ण कोरडं पडत नाही, पण खोलीतली हवा कोरडी झाली की तेही पाणी सोडतं. दुसरी शक्यता तुझ्या सिल्व्हर पेस्टची. जुन्या सेलला नेलपॉलिशचा पट्टा नव्हता.

यांतलं कोणतं, ते अंदाजानं ठरवू नकोस. नव्या सेलचं आजच वजन कर आणि उतार मोज, मग रोज एकाच वेळेला दोन्ही लिहून ठेव. वजन आणि रोध बरोबरीनं बदलत गेले तर पाणी उडतंय. फिल्मच्या कडा उष्णतेनं नीट सील कर, आणि पुढच्या जेलमध्ये थोडं ग्लिसरॉल घालून बघ, ते पाणी धरून ठेवतं. वजन तेवढंच राहून रोध वाढत गेला तर जोड उघड आणि पेस्टखालचं कापड बघ. जुन्या सेलचा जोड मात्र आत्ताच उघडून बघायला हरकत नाही. चांदी काळी किंवा भुसभुशीत झाली असेल तर फोटो इथे टाक.